कावळा काय सांगतो?

वैशाखाच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यातल्या वरवट बकालसारख्या गावात बाजाराच्या दिवशी गेलात, तर पावसाविषयी दोन गोष्टी कानावर येतात. शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या घटमांडणीत यंदा काय निघाले, ही पहिली. कावळ्याने घरटे कोणत्या झाडावर बांधले, ही दुसरी. आंब्याच्या किंवा करंजाच्या झाडावर घरटे दिसले तर पाऊस चांगला, बाभळी-बोरीसारख्या काटेरी झाडावर दिसले तर वर्ष कठीण, असा हा आडाखा आहे. ज्याची कपाशी पावसाच्या भरवशावर उभी राहायची आहे, तो मिळेल त्या खुणेकडे आशेने पाहणारच. त्यात हसण्यासारखे काही नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मात्र कावळ्याने लोकांना वेगळ्याच विचारात पाडले. लातूर जिल्ह्यातल्या उदगीर शहरात कावळे झाडांवरून खाली पडून मरू लागले. थोड्या दिवसांत ही संख्या पन्नासाच्या वर गेली. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि कावळे बर्ड फ्लूने, म्हणजे एच-५ एन-१ या विषाणूने मेल्याचे नक्की झाले. अशी बातमी आली की वर्गात प्रश्न येतात. कावळे मेले म्हणजे आता माणसे मरणार का? अंगणात कावळा मरून पडणे हा अपशकुन असतो, असे आजी म्हणते, ते खरे का?

वैशाखातला प्रश्न आणि जानेवारीतला प्रश्न मुळात एकच आहे : कावळा आपल्याला काय सांगतो? आपल्याकडे हा प्रश्न दीड-दोन हजार वर्षे तरी विचारला जात आहे. उत्तर शोधण्याची रीत मात्र बदलत गेली. या लेखात आपण तो बदल पाहू.

दोन प्रकारचे पाहणे

कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, हे आपल्या पूर्वजांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. यजुर्वेदाच्या संहितेत कोकिळेसाठी ‘अन्यवाप’ असा शब्द येतो. दुसऱ्याच्या ठिकाणी बीज पेरणारा, असा त्याचा अर्थ. पुढच्या संस्कृत साहित्यात ‘परभृत’ आणि ‘अन्यपुष्ट’, म्हणजे परक्याने वाढवलेला, हे कोकिळेचे नेहमीचे पर्याय झाले. कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंत शकुंतलेवर अविश्वास दाखवताना हाच दाखला देतो. कोणीतरी घरट्याखाली बसून, पिल्लू वाढताना पाहून, ते कावळ्याचे नाही हे ओळखल्याशिवाय असे शब्द भाषेत येत नाहीत. हे उत्तम दर्जाचे निरीक्षण होते.

त्याच परंपरेत दुसऱ्या प्रकारचे पाहणेही होते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कावळ्याच्या शकुनांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. वैशाखात कावळ्याचे घरटे चांगल्या, निरोगी झाडावर असेल तर सुकाळ आणि काटेरी किंवा वाळलेल्या झाडावर असेल तर दुष्काळाचे भय, असे त्यात सांगितले आहे. घरटे झाडाच्या कोणत्या दिशेला आहे, त्यात पिल्ले किती आहेत, यांवरूनही भाकिते आहेत. वरवटच्या बाजारात ऐकू येणारा आडाखा इतका जुना आहे. ज्ञानेश्वरांच्या एका प्रसिद्ध विरहिणीत कावळ्याला शकुन विचारला आहे, आणि दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवण्याची वाट आपण आजही पाहतो.

या दोन प्रकारांत फरक कोणता? कोकिळेविषयीचे विधान कोणालाही घरट्यापाशी जाऊन पडताळता येते, आणि ते चूक असते तर कधीच उघडे पडले असते. घरट्यावरून पावसाचे भाकीतही पडताळता येण्यासारखे आहे. पण ते पडताळायची रीत पडली नाही. भाकीत जुळले ते वर्ष लक्षात राहिले आणि चुकले ते विसरले गेले. गंमत अशी की, या चुकीला नावही आपल्याच भाषेने कावळ्यावरून दिले आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि आपण म्हणतो, कावळ्यामुळे फांदी तुटली. हाच काकतालीय न्याय.

नाव, अंडी आणि घरटी

आधुनिक पद्धतीने कावळ्यांचा अभ्यास सुरू झाला तो नावे देण्यापासून. आपल्या गावात दिसणारा, मानेवर राखी पट्टा असलेला गावकावळा. याला फ्रेंच पक्षितज्ज्ञ व्हिएयो याने १८१७ मध्ये ‘कॉर्व्हस स्प्लेंडेन्स’ हे नाव दिले. या नावातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘झळाळणारा’ असा आहे! पूर्ण काळा, जाड चोचीचा डोमकावळा हा दुसरा. त्याच्या नावाशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची मुंबई सरकारने १८२४ मध्ये आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमणूक केली. दख्खनमध्ये फिरताना त्याने लोकसंख्या आणि पिकांबरोबर पक्ष्यांचीही नोंद ठेवली, आणि १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनला प्रसिद्ध केली. त्या यादीत डोमकावळ्याला ‘कॉर्व्हस कल्मिनाटस’ हे नाव मिळाले. पुढे बराच काळ हा कावळा आशियात दूरवर पसरलेल्या मोठ्या चोचीच्या कावळ्याची केवळ एक उपजात मानला गेला. आवाजातील फरक आणि नंतर जनुकांचा अभ्यास यांवरून एकविसाव्या शतकात अनेक पक्षितज्ज्ञांनी त्याला पुन्हा स्वतंत्र जात मानायला सुरुवात केली. साइक्सने दिलेले नाव असे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी परत वापरात आले.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी डॉक्टर होते. साताऱ्यात जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हेही त्या आठांपैकी एक. मुंबईच्या सामान्य पक्ष्यांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९०० साली आले. दुर्मिळ पक्षी गोळा करण्याच्या त्या काळात, खिडकीत रोज दिसणारा पक्षीही अभ्यासाचा विषय असू शकतो, हे अशा पुस्तकांनी वाचकांना दाखवले.

या संस्थेच्या नियतकालिकात १९०७ मध्ये डग्लस ड्यूअर यांचा कोकिळेच्या परोपजीवी सवयीवर एक लेख आला. ड्यूअर लाहोरला सरकारी नोकरीत होते. त्यांनी नुसते पाहत न बसता कावळ्यांच्या घरट्यांत परकी अंडी ठेवून पाहिली. कावळ्यांनी ती बहुधा निमूटपणे उबवली. ‘अन्यवाप’ या शब्दाचा निर्माता घरट्याखाली बसून पाहत होता. ड्यूअर घरट्यात हात घालून विचारत होते, ‘असे केले तर काय होईल?’ निरीक्षणाकडून प्रयोगाकडे जाणारी पायरी ती हीच. पुढे १९६३ मध्ये याच नियतकालिकात बी. एस. लांबा यांनी कावळ्यांसह अनेक सामान्य पक्ष्यांच्या घरट्यांचा तपशीलवार अभ्यास मांडला.

अशा अभ्यासांतून कोकिळेच्या युक्तीमागचे गणित स्पष्ट झाले. तिचे अंडे कावळ्याच्या अंड्यासारखेच दिसते, फक्त आकाराने लहान असते. कावळ्याचे अंडे उबायला सोळा-सतरा दिवस लागतात, कोकिळेचे त्याच्या तीन-चार दिवस आधीच फुटते. त्यामुळे तिचे पिल्लू घास मागायला आधी तयार होते. मात्र युरोपातल्या कुक्कू पक्ष्याचे पिल्लू जसे घरट्यातली बाकीची अंडी ढकलून देते, तसे इथे नेहमी घडत नाही. कधीकधी कावळ्याची आणि कोकिळेची पिल्ले एकाच घरट्यातून मोठी होऊन उडतात.

शहाणा कावळा, फसलेला कावळा

इथे विद्यार्थी हमखास अडवतात. तहानलेल्या कावळ्याच्या गोष्टीत कावळा इतका हुशार, मग स्वतःचे अंडे त्याला कसे ओळखता येत नाही?

आधी गोष्टीतला कावळा पाहू. इसापच्या गोष्टीची परीक्षा २००९ मध्ये इंग्लंडमधील ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी यांनी घेतली. कावळ्याच्याच कुळातल्या रूक या जातीच्या चार पक्ष्यांसमोर त्यांनी अरुंद नळी ठेवली. नळीत अर्धवट पाणी आणि पाण्यावर तरंगणारी अळी. चारही पक्ष्यांनी दगड टाकून पाणी वर आणले आणि अळी मिळवली. लहान दगडांपेक्षा मोठे दगड वापरणे फायद्याचे असते, हेही त्यांच्या निवडीत दिसले. म्हणजे ती गोष्ट अगदीच कल्पित नव्हती.

माणसाला ओळखण्यातही कावळा पक्का आहे. अमेरिकेत सिएटलला जॉन मार्झलफ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मुखवटे घालून काही कावळे पकडले, त्यांच्या पायांत कडी घातली आणि त्यांना सोडून दिले. नंतर तोच मुखवटा घालून कोणीही त्या आवारात फिरला की कावळे कलकलाट करून मागे लागत. पकडले न गेलेले कावळेही त्यांत सामील होऊ लागले. त्याच विद्यापीठातल्या केली स्विफ्ट यांच्यासह मार्झलफ यांनी २०१५ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेलेला कावळा दिसला की बाकीचे कावळे गोळा होऊन ओरडतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ‘काकसभा’ म्हणून आपण ते सोडूनही देतो. या अभ्यासात असे आढळले की मेलेल्या कावळ्याजवळ दिसलेला माणूस कावळे लक्षात ठेवतात, पुढे काही आठवडे त्याच्यावर ओरडतात आणि त्या जागी चारा खायला यायला कचरतात. धोका कुठे आहे, हे ते सोबत्याच्या मृत्यूवरून शिकतात.

मग घरट्यात हाच पक्षी का फसतो? एक शक्यता अशी की, संशय घेण्याचीही किंमत असते. परके समजून स्वतःचेच अंडे फेकले, तर नुकसान फसण्याइतकेच मोठे. तेव्हा बुद्धी म्हणजे सर्वत्र सारखे चालणारे एकच यंत्र आहे, असे मानून चालत नाही. कोणत्या कामात, कोणत्या परिस्थितीत, असे विचारावे लागते. विद्यार्थ्यांची परीक्षा घेणाऱ्या आपल्यालाही हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

उंदीर, माकड आणि कावळा

कावळा सोबत्याच्या मृत्यूवरून शिकतो. माणूस दुसऱ्या प्राण्यांच्या मृत्यूवरून शिकला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रभर पसरला. घरात उंदीर पडू लागले की लोक घर सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जात. याला कोणी अपशकुन म्हणत असेल, कोणी अनुभव म्हणत असेल. त्यामागचे कारण फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरा आसरा शोधतात, आणि त्यांच्या चाव्यातून प्लेग पसरतो. कारण कळल्यावर ‘उंदीर पडणे’ ही नुसती खूण राहिली नाही, ती उपयोगी सूचना झाली.

१९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि भोवतालच्या गावांत माणसांना ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, गोचिडांमार्फत पसरणारा नवा विषाणू शोधून काढला. हाच माकडताप. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातही त्याची साथ आली. त्या वेळी केंद्राचे संचालक होते डॉ. टेलफर्ड वर्क. पुण्याला येण्यापूर्वी ते इजिप्तमध्ये काम करत होते, आणि तिथे त्यांनी कावळ्यांचाच अभ्यास केला होता. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात वेस्ट नाईल नावाचा डासांमार्फत पसरणारा विषाणू आढळत होता. वर्क आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये दाखवले की हा विषाणू पक्ष्यांच्या शरीरात वाढतो, आणि प्रयोगात तो टोचलेले कावळे मरतात.

या जुन्या कामाचे महत्त्व १९९९ मध्ये न्यूयॉर्कला कळले. त्या उन्हाळ्यात शहरात कावळे मरत होते आणि ऑगस्टमध्ये माणसांत मेंदूज्वराचे रुग्ण दिसू लागले. आरोग्य खात्याने आधी दुसऱ्याच विषाणूचे निदान केले. ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयातल्या पशुवैद्यक ट्रेसी मॅकनमारा यांना ते पटेना. कारण त्या विषाणूने पक्षी मरत नाहीत, आणि इथे तर पक्षी मरत होते. त्यांनी आग्रह धरला, नमुने पुन्हा तपासले गेले आणि विषाणू वेस्ट नाईल ठरला. त्या वर्षी ६२ जणांना गंभीर आजार झाला, ७ जण दगावले. पुढे अमेरिकेत मेलेल्या कावळ्यांची नोंद ठेवणे हे साथीवर लक्ष ठेवण्याचे एक साधन झाले. असे काम करणाऱ्या प्राण्याला ‘पहारेकरी प्राणी’ म्हणता येईल.

पण पहारेकऱ्यालाही सगळे दिसत नाही. आपल्याकडची गिधाडे नाहीशी झाली ती गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. औषध दिलेले जनावर मेले आणि त्याचे मांस गिधाडाने खाल्ले, की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. आफ्रिकेतल्या पांढऱ्या छातीच्या कावळ्यावरील प्रयोगांत मात्र, मेलेल्या जनावरात आढळते त्या प्रमाणातल्या डायक्लोफेनॅकने काही अपाय झाला नाही. म्हणजे ‘कावळे खाताहेत, तेव्हा मांस निर्धोक असणार’ हा तर्क गिधाडांच्या बाबतीत चुकीचा ठरला असता. भारत सरकारने २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम सुचवताना भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते गिधाडांबरोबर गावकावळा आणि मोठ्या चोचीचा कावळा यांनाही देऊन पाहिले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या पक्ष्यांना अपाय झाल्याचे दिसले नाही. एका जातीवरून दुसरीविषयी अंदाज करायचा नाही, प्रत्येकीला वेगळे विचारायचे, हा धडा गिधाडांनी फार मोठी किंमत देऊन शिकवला.

उदगीरचे कावळे

आता उदगीरकडे परत येऊ. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये झाली. तेव्हा रोग कुक्कुटपालन केंद्रांतल्या कोंबड्यांत होता. कावळेही त्याला बळी पडतात, हे जपानमध्ये २००४ मध्येच दिसले होते. आपल्याकडे २०११-१२ मध्ये झारखंडात कावळे या विषाणूने मेले. जानेवारी २०२१ मध्ये राजस्थान आणि मध्य प्रदेशात कावळ्यांत एच-५ एन-८ हा भाईबंद विषाणू सापडला, आणि त्याच महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी कोंबड्या, तर ठाणे, दापोली, बीड या ठिकाणी कावळे बर्ड फ्लूने मेल्याचे आढळले.

कावळ्यालाच हा रोग का गाठतो? त्याच्या खाण्यात याचे एक मोठे कारण असावे. कोंबडी कापल्यावरची आतडी, पिसे, रक्त जिथे उघड्यावर टाकले जाते तिथे कावळा पहिला पोचतो. आजारी किंवा मेलेला पक्षीही त्याला वर्ज्य नाही. शिवाय रात्री शेकडो कावळे एकाच झाडावर वस्तीला येतात. अशा वेळी कावळा हा रोगाचा मूळ गुन्हेगार नसून बहुधा आपल्याच उकिरड्याचा बळी असतो. त्याच्या मृत्यूची बातमी ऐकून घरट्यांवर दगड मारणे किंवा वस्तीची झाडे तोडणे म्हणजे पहारेकऱ्यालाच मारणे होय. उलट, घाबरलेले पक्षी दूर पांगतात आणि विषाणूलाही सोबत नेऊ शकतात.

प्रत्येक मेलेला कावळा साथीची सूचना देतो, असेही नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात पक्षी उष्माघाताने मरतात, विजेच्या तारांना चिकटून मरतात, शेतातल्या विषारी औषधांनी मरतात. एका कावळ्यावरून साथ ठरवणे हा पुन्हा काकतालीय न्यायच. एकाच जागी, थोड्या दिवसांत अनेक पक्षी मेले, तर मात्र पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायला हवे. ‘रोग आहे’ हे ठरवण्याचे काम प्रयोगशाळेचे. ते झाल्यावरच कावळ्याचे म्हणणे आपल्याला नीट कळले असे म्हणता येते.

वर्गात काय करता येईल

मुलांना दोन गोष्टी सांगाव्यात असे आम्हाला वाटते. पहिली सावधगिरीची : मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये, मोठ्यांना सांगावे. कोंबडीचे मांस आणि अंडी नीट शिजवून खाल्ली तर विषाणू टिकत नाही. हा रोग माणसाला क्वचितच होतो. पण झाला तर गंभीर असतो. म्हणून भीती नको आणि निष्काळजीपणाही नको.

दुसरी गोष्ट वहीची. गावातल्या कावळ्यांच्या घरट्यांची नोंद मुलांनी दर वैशाखात ठेवावी : झाड कोणते, उंची किती, फांदी कोणत्या दिशेची. सोबत तालुक्याच्या पावसाचे आकडे लिहावेत. वराहमिहिराचे भाकीत त्यावरून तपासता येईल. मात्र आधी एक गोष्ट मोजायला हवी. वरवट बकालच्या परिसरात बाभळी किती आणि आंबे किती? बाभळीच जास्त असतील, तर घरटीही बाभळीवर जास्त दिसणार आणि भाकीत दर वर्षी दुष्काळाचेच निघणार! हे मुलांच्या आपणहून लक्षात आले, तर नोंद ठेवण्याचे सार्थक झाले. याच वहीच्या शेवटच्या पानावर मेलेल्या पक्ष्यांची नोंद करावी : तारीख, जागा, संख्या. बहुतेक वर्षी ते पान जवळजवळ कोरे राहील. एखाद्या वर्षी ते भरू लागले, तर गावात ते सर्वांत आधी या मुलांना कळलेले असेल.

आडाखा सांगणाऱ्या आजोबांनाही या कामात बोलवावे. कोणत्या झाडावर पूर्वी कावळे बसत, गिधाडे कधी दिसेनाशी झाली, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? कोकिळेला ‘अन्यवाप’ म्हणणारे लोकही असेच पाहणारे होते. त्यांच्या पाहण्याला आपण फक्त वहीची जोड द्यायची आहे.